गोंदण : देहावर कुठे आणि कशासाठी?

(एका कुटुंब मेळाव्यात त्वचारोगतज्ज्ञ कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या विषयपत्रिकेत 'गोंदण' हा शब्द पाहून काहींना नवल वाटले असेल. सकाळच्या सत्रात संस्कार, शिक्षण आणि समाज यांवर इतके विचारप्रवर्तक बोलणे झाल्यावर दुपारी अंगावरच्या चित्रांची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आयोजकांनी आठ दिवसांपूर्वी कुटुंबांकडून चिठ्ठ्या मागविल्या, तेव्हा या एका विषयावर आलेल्या चिठ्ठ्यांची संख्या पाहून त्यांनीच मला बोलावले. त्यातील तीन प्रश्न मी येथे घेऊन आले आहे. पहिला : "देवाचे चित्र पायावर काढले तर चालते का?" दुसरा : "मुलीला डाव्या हातावर ॐ गोंदवून घ्यायचा आहे, आजीचा विरोध आहे. दोष लागतो का?" आणि तिसरा : "मुलगा सैन्यभरतीची तयारी करतो आहे. त्याला दंडावर महाराजांची राजमुद्रा हवी आहे. काय करावे?"

गोंदवावे की नाही, हे यांपैकी कोणीच विचारलेले नाही. तो निर्णय घराघरांत झालेला दिसतो. वाद आहे तो जागेचा. तेव्हा मीही जागेविषयीच बोलेन.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'टॅटू हे पाश्चात्त्यांचे खूळ' असे आपण सहज म्हणून जातो. महानगरांतील वातानुकूलित दुकाने, विजेची यंत्रे, रंगांच्या बाटल्या या गोष्टी नव्या आहेत हे खरे; पण देहावर कायमची खूण उमटविण्याची रीत या भूमीत अनोळखी कधीच नव्हती. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी डोळे मिटून आपली आजी आठवावी. कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवा ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक टिंब, मनगटाच्या आत तुळशीवृंदावन, कोपराखाली स्वस्तिक किंवा कोणा दैवताचे नाव. जत्रेत किंवा दारावर येणारी गोंदणारीण दिव्याची काजळी आणि झाडपाल्याचा रस यांच्या मिश्रणात सुया बुडवून ते टोचीत असे. काजळी काळी असते, पण त्वचेच्या थराखालून ती निळसर हिरवी दिसते. म्हणून आपल्या भाषेत गोंदण 'हिरवे' झाले. मेल्यावर अंगावरचा सोन्याचा मणीसुद्धा उतरवून घेतात, बरोबर जाते ते फक्त गोंदण, ही श्रद्धा तर महाराष्ट्रापासून छत्तीसगडपर्यंत सर्वत्र आढळते. गरीब स्त्रीचा तो कोणालाही हिरावून न घेता येणारा दागिना होता.

या गोंदणाची जागा गोंदणारणीच्या किंवा गोंदवून घेणारीच्या लहरीवर ठरत नसे, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. मध्य भारतातील बैगा या वनवासी समाजात मुलीचे पहिले गोंदण कपाळावर होते, तेही ती आठ-दहा वर्षांची असताना. पुढे वयाच्या टप्प्यांप्रमाणे हात, पाठ, पाय अशी एकेक जागा भरत जाते. हे काम करणाऱ्या बादी समाजाच्या स्त्रिया रमतिळाच्या, म्हणजे आपल्या खुरासणीच्या, तेलाची काजळी वापरीत. कच्छमधील रबारी स्त्रियांचे 'त्राजवा' गळ्यावर, हातांवर, पायांवर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेले असते. अरुणाचलातील आपातानी स्त्रियांच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सरळ रेघ आणि हनुवटीवर पाच उभ्या रेघा असत. जागा पाहिली की समाज कळे, वय कळे, ती विवाहित आहे की नाही हेही कित्येकदा कळे. ओळखपत्रच म्हणा ना!

उत्तर भारतात अनेक ठिकाणी असा दंडक होता की, हातावर 'गोदना' नसलेल्या सुनेच्या हातचे अन्नपाणी सासरी चालत नसे. या दंडकाचे मी समर्थन करीत नाही; तो स्त्रीवर लादलेलाच होता. पण जागा पाहा. जो हात वाढतो, त्या हातावर खूण. आणि कपाळावरच्या त्या हिरव्या ठिपक्याचा आणखी एक अर्थ मला नेहमी अस्वस्थ करतो. पती गेल्यावर कुंकू पुसण्याची क्रूर चाल आपल्या समाजात होती, अजूनही ती सर्वत्र संपलेली नाही. परंतु कुंकवाच्या जागी गोंदलेला ठिपका कोणाला पुसता येत नाही. त्या स्त्रियांनी हे जाणून केले होते की नाही, हे त्यांना कोणी विचारले नाही. मात्र त्यांचे कपाळ कधी रिकामे राहिले नाही, एवढे खरे.

हीच कपाळाची जागा परकीय सत्तेने कशासाठी वापरली, हे आपल्या तरुणांना सहसा माहीत नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगालमध्ये १७९७ च्या एका नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव, गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदण्याची पद्धत सुरू झाली. तिला नाव दिले होते 'गोदना'च. आपल्या आयाबहिणींच्या अलंकाराचा शब्द उचलून तो शिक्षेला लावला! ही पद्धत रद्द व्हायला १८४९ साल उजाडावे लागले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ माणसाच्या कपाळी सरकारने लिहिले, अगदी शब्दशः. आणि एवढ्यावर सुस्कारा सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. स्वतंत्र भारतात, १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदले. त्या प्रकरणात संबंधित पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ मध्ये. परकीय गेले तरी दुसऱ्याच्या कपाळावर लिहिण्याची वृत्ती गेली नाही. ज्याचा देह त्याची संमती, ही पहिली अट आहे आणि ती आईबापांनाही लागू आहे. वर्षा-दोन वर्षांच्या बाळाच्या हातावर हौसेने नाव गोंदविणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांनी हे कृपया ऐकावे.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. दुसऱ्या प्रश्नाने सुरुवात करते, कारण त्यात आजी आहे आणि आजीचा मान पहिला.

डावा हात अशुद्ध, त्यावर देवाचे चिन्ह नको, असे आजीबाई म्हणतात. लोकाचार म्हणून त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण परंपरा काय सांगते? माध्व आणि श्रीवैष्णव संप्रदायांत विष्णूच्या आयुधांची तापविलेली मुद्रा देहावर घेतात. माध्व मठांत, आणि गोव्याच्या पर्तगाळी मठासारख्या सारस्वतांच्या मठांतही, आषाढी एकादशीला हा तप्तमुद्राधारणाचा विधी होतो. स्त्रिया, पुरुष, मुले रांगेत उभी राहतात. उजव्या बाजूस चक्र उमटते आणि डाव्या बाजूस शंख. डावी बाजू निषिद्ध असती, तर पांचजन्य तिथे आला असता का? मूर्तीकडे पाहिले तरी हेच दिसते, देवाचेही सगळेच हात उजवे नसतात. तेव्हा आजीबाईंनी मनातली शंका काढून टाकावी. मुलीने मात्र एवढे करावे की, तळहाताच्या बाजूला, बोटांवर किंवा अगदी मनगटाच्या घडीवर ॐ काढू नये. कारण धार्मिक नाही. तिथली त्वचा सतत वळते, धुतली जाते, घासली जाते. रंग लवकर विटतो, रेषा तुटतात. दोन-तीन वर्षांनी ॐ मधली चंद्रकोर नाहीशी झालेली आणि उरलेला आकडा तीन घेऊन आलेल्या मुली माझ्या दवाखान्यात येतात.

पहिला प्रश्न पायाचा, आणि तो अवघड आहे.

नाभीच्या खाली देवतेचे चित्र नको, असे सर्वसाधारण मत. त्याला आधार आहे. वैष्णव अंगावर जे बारा ऊर्ध्वपुंड्र लावतात, त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत : ललाट, उदर, हृदय, कंठ, दोन्ही कुशी, बाहू, पाठ, मान. प्रत्येक जागेस विष्णूचे एक नाव, केशवापासून दामोदरापर्यंत. यातील एकही जागा पायावर नाही. पण याच परंपरेत पूजेच्या आरंभी पुरुषसूक्ताचा न्यास करतात, त्यात हातांनंतर लगेच पाय येतात, मग गुडघे, मग कंबर. मातृकान्यासात तर वर्णमालेचे दोन पूर्ण वर्ग दोन पायांवर ठेवलेले आहेत. म्हणजे शास्त्राने पायाला हीन मानलेले नाही. मानावे तरी कसे? गंगा विष्णूच्या चरणांतून निघाली असे आपण सांगतो. विठ्ठलाच्या समचरणांवर डोके टेकण्यासाठी लक्षावधी वारकरी शेकडो मैल चालतात, आणि चालतात तेही पायांनीच. पाय नीच आणि मस्तक श्रेष्ठ ही उतरंड आपण समाजपुरुषावरही लावली, आणि त्याचे काय परिणाम झाले हे या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही.

तर मग पोटरीवर शंकर काढावा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, पण त्याचे कारण पायाचे नीचत्व हे नाही. पाय चपलेत जातो, चिखलात जातो, गाडीच्या पायटेकणीवर जातो. वडीलधाऱ्यांसमोर आपण पायावर पाय टाकून बसतो, गर्दीत आपला पाय दुसऱ्याला लागतो आणि मग आपण हात लावून नमस्कार करतो. पुस्तकाला पाय लागला तरी आपण क्षमा मागतो. ज्या घरात असे वळण आहे, त्या घरातील मुलाने नडगीवर देवाचा चेहरा घेऊन वावरायचे, हे त्याच्या स्वतःच्याच सवयींशी विसंगत आहे. कोणी बाहेरून लादलेला हा नियम नाही.

याहून खोल एक भेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. न्यास पूजेपुरता असतो. पुंड्र दुसऱ्या दिवशीच्या स्नानात धुतला जातो. तप्तमुद्रेचा डाग काही दिवसांनी जातो, म्हणून ती पुन्हा पुढच्या आषाढीला घ्यायची. पार्थिव गणपती आपण आणतो आणि पोहोचवतो. आपल्याकडे रूप येते ते काही काळापुरते, आवाहन असते तसे विसर्जनही असते. मूर्ती भंगली तर तीही आपण पाण्यात सोडतो. त्वचेवरच्या मूर्तीचे विसर्जन कुठे करणार? आणि त्वचा भंगते, बंधूंनो. वयानुसार ती सैल पडते, वजन वाढते-घटते, स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपणात पोट व कंबर ताणली जाते. पोटावर काढलेला गणपती चाळिशीत अधिक लंबोदर झाला तर त्याला कदाचित चालेल. पण छातीवरचे शिवराय साठीत कसे दिसतील, याचा विचार विशीतला तरुण करीत नाही. बारीक रेषांचे नाक, डोळे, मिशी, भाव हे सगळे वर्षांनुवर्षांत पसरत जाते. हे काही माझे मत नव्हे, रंगाच्या कणांचा तो स्वभाव आहे.

आता आजीच्या हातावरचे गोंदण पुन्हा आठवा. ठिपके, तुळस, स्वस्तिक, गोपद्म, नाव. चेहरा जवळजवळ नाहीच. त्या गोंदणारणींना शाळा ठाऊक नव्हती, पण त्वचेवर काय टिकते हे ठाऊक होते. ठिपका पसरला तरी ठिपकाच राहतो. नाव फिकट झाले तरी वाचता येते. रूप देव्हाऱ्यात, नाव आणि खूण अंगावर, अशी ही वाटणी होती, आणि ती मला आजही शहाणपणाची वाटते.

नावाचा विषय निघाला की छत्तीसगडच्या रामनामी समाजाचे स्मरण करावेच लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या जांजगीर-चांपा परिसरातील चारपारा गावी परशुराम नावाच्या एका गृहस्थाने हा पंथ सुरू केला. अस्पृश्य ठरवून मंदिराबाहेर ठेवलेली ही माणसे. मंदिरात राम भेटत नाही ना, मग आमचा देहच मंदिर, असे म्हणून त्यांनी अंगावर 'राम राम' गोंदवून घेतले. कपाळावर दोनदा रामनाम असणारा 'शिरोमणी', संपूर्ण कपाळभर असणारा 'सर्वांग रामनामी' आणि नखापासून शेंडीपर्यंत सर्व देह रामनामाने भरलेला तो 'नखशिख रामनामी'. पापण्या, ओठ, पावले काही सुटले नाही. मोरपिसांचा मुकुट घालून, पायांत घुंगरू बांधून ते भजन करतात. पौष महिन्यात महानदीच्या परिसरात त्यांचा भजनमेळा भरतो. त्यांनी मूर्ती काढली नाही, काढले ते नाम.

त्या नखशिख रामनामीच्या पावलावरही राम आहे. ते पाऊल धुळीत पडते म्हणून त्यावरचे नाम विटाळले, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? ज्यांनी मंदिराचे दार लावले, त्यांना पायावर राम का लिहिला हे विचारण्याचा अधिकार उरत नाही. म्हणूनच पहिल्या चिठ्ठीला मी नियम म्हणून उत्तर देत नाही. शोभेसाठी पोटरीवर शंकर काढणारा आणि पावलावर रामनाम धारण करणारा, या दोघांची जागा एकच असली तरी गोष्ट एक नाही. पहिल्याला मी थांबवीन. दुसऱ्याला नमस्कार करीन.

आणि थांबवायचे म्हणजे कसे, हेही बोलले पाहिजे, कारण येथे कार्यकर्ते मोठ्या संख्येने आहेत. २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाच्या नडगीवर यल्लम्मा देवीचे चित्र होते म्हणून उपाहारगृहात काही जणांनी त्याला घेरले. प्रकरण पोलीस ठाण्यात गेले, त्याच्याकडून क्षमापत्र लिहून घेण्यात आले. २०२५ च्या मार्चमध्ये भुवनेश्वरमध्ये एका परदेशी महिलेने मांडीवर भगवान जगन्नाथाचे चित्र गोंदवून घेतले. निदर्शने झाली, गुन्हा नोंदला गेला, दुकानाचा मालक व गोंदणारा यांना अटक झाली. तिनेही क्षमा मागितली. भावना दुखावल्या हे मी नाकारत नाही. जगन्नाथ मांडीवर पाहून मलाही वाईट वाटले. गोंदणारा तर येथलाच होता, त्याने तिला जागा बदलण्यास सांगायला हवे होते. परंतु यल्लम्मा ही सौंदत्तीची रेणुका, आपल्या कोल्हापूर-सांगलीतील असंख्य घरांचे कुलदैवत. तिचे रूप अंगावर घेऊन एक परका तरुण तिच्या मुलुखात आला, तर त्याला घेरायचे की बसवून तिची कथा सांगायची? घेरल्याने तो काय शिकला? एवढेच की, या देवीची माणसे रागीट आहेत. आपल्या गावातील गणेशोत्सवात बाप्पाचे चित्र छापलेला अंगरखा घामाने भिजवून नंतर फरशी पुसायला वापरणारे आपलेच बांधव असतात. त्यांना कोणी ठाण्यात नेत नाही, नेऊही नये. सांगण्याची रीत घरच्यांना आणि पाहुण्यांना सारखीच असावी.

तिसरी चिठ्ठी सैन्यभरतीची. येथे मी अगदी व्यवहाराचे बोलते, कारण या एका चुकीच्या जागेपायी मुलांचे वर्षानुवर्षांचे कष्ट वाया जातात. पहाटे चारला उठून धावणारा, लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा वैद्यकीय तपासणीत दंडावरच्या किंवा मानेवरच्या चित्रापायी बाद होतो आणि मग लेझरने काढून द्या म्हणून आमच्याकडे येतो. भारतीय सेनेच्या भरतीत कायमस्वरूपी गोंदण मान्य आहे ते दोनच जागी : कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतील भाग, आणि तळहाताची पाठीमागची बाजू. दंड, खांदा, छाती, मान, पाठ, पाय यांपैकी कोणतीही जागा चालत नाही. वनवासी समाजांतील उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असेल तर सवलतीची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या दलांच्या शिपाई भरतीत तर आणखी एक बारकावा आहे. तिथे धार्मिक चिन्ह आणि नाव चालते, पण जागा हाताच्या आतील भागाचीच, तीही डाव्या हाताची, किंवा तळहाताच्या मागील बाजूची. उजवा हात मानवंदनेचा, म्हणून तो मोकळा हवा. आकारही त्या अवयवाच्या पाव भागाहून कमी. उजव्या हातावरील गोंदणापायी अपात्र ठरलेल्या उमेदवारांची प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. गंमत पाहा, आजीला जो डावा हात नको, तोच सरकारला हवा! राजमुद्रा हवी असणाऱ्या चिरंजीवांनी तूर्त ती मनात धारण करावी. भरती झाल्यावर अंगावर जो गणवेश चढेल, त्याची मुद्रा अधिक मोठी आहे. अगदीच राहवत नसेल तर त्या वर्षीची जाहिरात अक्षरशः वाचून, तीत सांगितलेल्याच जागी आणि आकारात. 'मित्राच्या भावाचे चालले' हा पुरावा तपासणीच्या टेबलावर चालत नाही.

वैद्य या नात्याने आता काही सूचना, भराभर सांगते.

तीळ, चामखीळ किंवा जन्मखूण यांच्यावर गोंदवू नये. त्यात पुढे काही बदल झाला तर तो रंगाखाली दिसत नाही. ज्यांच्या जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण उठतो, ज्याला आम्ही केलॉइड म्हणतो, त्यांनी छातीचा मध्य, खांदा आणि पाठीचा वरचा भाग या जागा कटाक्षाने टाळाव्यात, किंबहुना गोंदणच टाळावे. बरगड्या, घोटा, नडगी येथे हाडावर थेट त्वचा असल्याने वेदना अधिक. मधुमेह असणाऱ्यांच्या पायाच्या जखमा उशिरा भरतात. कमरेच्या मध्यभागी, कण्यावर गोंदविण्याची मुलींमध्ये पद्धत आली आहे; पुढे प्रसूतीच्या वेळी कण्यातून भूल देण्याची वेळ आली, तर रंगातून सुई नेणे भूलतज्ज्ञांना शक्यतो नको असते. तांबड्या रंगाची ॲलर्जी तुलनेने अधिक दिसते. लेझरने काढता येते हे खरे, पण त्यासाठी अनेक बैठका लागतात, वेदना होतात, खर्च गोंदणाच्या कितीतरी पट. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट.

जत्रेतील बैठकीवर एकच सुई दहा जणांना वापरली जाते. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही या तिन्हींचा धोका त्यात आहे. म्हणूनच गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. दर शिबिरात पहिल्या रांगेत उभे राहणारे आपले तरुण गणेशोत्सवात गोंदवून घेतात आणि पुढच्या वर्षभराच्या शिबिरांना मुकतात. काहींना हा नियमच ठाऊक नसतो आणि ते अर्जातील तो रकाना रिकामा सोडतात. तसे मुळीच करू नये. जागा कोणतीही असो, मांडीवर झाकलेली असो, विचारले तर सांगावे.

आणि अक्षर! मंत्र किंवा संस्कृत वचन गोंदवायचे असेल तर आधी जाणकाराकडून कागदावर तपासून घ्या. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने २००० साली पत्नीचे नाव देवनागरीत हातावर गोंदविले, तेव्हा त्यात अक्षर चुकल्याची जगभर चर्चा झाली. तो बिचारा परभाषिक. आपल्याकडे मृत्युंजय मंत्रातली अनुस्वाराची चूक पाठीवर मिरविणाऱ्या मराठी तरुणाला काय म्हणावे? शुद्धलेखनाची वही खोडता येते.

चेहरा आणि मान यांविषयी वेगळे सांगायला नको, पण एक गोष्ट नोंदवते. आपातानी स्त्रियांच्या चेहऱ्यावरील गोंदण १९७० च्या दशकात त्यांच्याच समाजातील तरुणांनी बंद केले. मैदानी शहरांत शिकायला गेल्यावर त्या चेहऱ्यांकडे लोक वळून पाहत, हसत, हे त्याचे एक मोठे कारण. हसणारे आपण होतो. कपाळावर हिरवा ठिपका असलेल्या आईला शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेण्याचा संकोच करणारी मुले याच महाराष्ट्रात होती. आज त्यांचीच नातवंडे तेच ठिपके मानेवर हजारो रुपये देऊन काढून घेतात आणि त्याला नक्षीचे परदेशी नाव असते.

ज्यांच्या घरी अजून गोंदणवाली आजी किंवा पणजी आहे, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात तिच्याजवळ बसा. कोणत्या जागी काय आहे, कोणत्या वयात, कोणी आणि कुठल्या जत्रेत टोचले, दुखले तेव्हा गोंदणारीण काय म्हणत होती, हे विचारून घ्या आणि एका वहीत आकृतीसह उतरवा. छायाचित्र तिच्या संमतीनेच काढा. मुलीला गोंदण हवेच असेल तर तिला त्या वहीतून एक खूण निवडू द्या. आजीची तुळस नातीच्या मनगटाच्या चार बोटे वर फार छान दिसते, असा माझा अनुभव आहे. आमच्या शाखेने अशा वह्या गोळा करण्याचे ठरविले आहे, बाहेरच्या मेजावर भगिनी बसलेल्या आहेत, त्यांच्याकडे नावे द्यावीत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे. अजून चार चिठ्ठ्या उरल्या आहेत, त्यातील एक प्रियकराच्या नावाविषयी आहे. ती मी चहाच्या वेळी, विचारणाऱ्या मुलीलाच उत्तर देईन. बाकीचे प्रश्न आता घेऊ.